पोथी आणि फासे : विझार्डचा स्पेल नेमका कुठे सुधारतो?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. विझार्ड, म्हणजे पोथीतून मंत्र (स्पेल) शिकणारं पात्र, एक लेव्हल वर चढला, हातात काहीतरी निवडायची वेळ आली, आता त्याच्या मंत्रांना धार कशी लावायची? उत्तरं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या पात्र घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीला धरून दिली आहेत. २०१४ आणि २०२४ च्या नियमांत फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. एक पत्र पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाचं आहे.

प्रश्न (दादर) : माझा विझार्ड चौथ्या लेव्हलला पोचला. इंटेलिजन्स १६, कॉन्स्टिट्यूशन १४. इंटेलिजन्स १८ करू की वॉर कास्टर हे फीट (लेव्हल चढताना घेता येणारं खास कौशल्य) घेऊ? आमच्या ग्रुपमध्ये यावरून सरळ दोन तट पडलेत. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो.

दोन्ही तटांचं म्हणणं आकड्यांत मांडून बघू या. आज तुमचा स्पेल सेव्ह डीसी, म्हणजे स्पेलपासून वाचायला शत्रूला वीस बाजूंच्या फाशावर गाठावा लागणारा आकडा, ८ अधिक प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) २ अधिक इंटेलिजन्सचे ३, म्हणजे १३ आहे. इंटेलिजन्स १८ केलंत की तो १४ होतो. समोर ओगर आला असं धरा. त्याचा विझडम सेव्ह (वाचण्याच्या फाशात मिळवायचा आकडा) उणे २. डीसी १३ असताना तो वीसपैकी १४ वेळा फसतो, १४ असताना १५ वेळा. म्हणजे ७० टक्क्यांचे ७५ झाले. आता ज्याचा सेव्ह अधिक ५ आहे असा शत्रू घ्या. तो आधी ३५ टक्के वेळा फसायचा, आता ४० टक्के वेळा फसेल. वाढ दोन्हीकडे पाचचीच, पण एकीकडे ती सत्तरावर पाच आहे आणि दुसरीकडे पस्तिसावर पाच. डीसी वाढवल्याचा खरा फायदा चिवट शत्रूसमोर दिसतो तो यामुळे. शिवाय अटॅक रोलला एक मिळतो आणि रोज तयार ठेवायच्या स्पेल्समध्येही एकाची भर पडते.

आता दुसरी बाजू. कॉन्संट्रेशनचा, म्हणजे लक्ष टिकवून चालू ठेवावा लागणारा, स्पेल चालू असताना मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकावा लागतो. डीसी १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मा, यांतला जो मोठा असेल तो. म्हणजे २१ पर्यंतच्या नुकसानाला तो १०च राहतो. तुमच्या अधिक २ ने तो वीसपैकी १३ वेळा निभावतो : ६५ टक्के. पण लढाईत मार एकच बसतो असं थोडंच आहे? एका फेरीत दोन बसले तर दोन्ही निभावण्याची शक्यता ४२ टक्क्यांवर येते. वॉर कास्टर असेल तर दोन फासे टाकून त्यातला वरचा धरायचा. मग एका माराला ८८ टक्के, दोन मारांना ७७. बेचाळीसचे सत्त्याहत्तर होणं ही चौथ्या लेव्हलला फार मोठी उडी आहे.

म्हणून निवड तुमच्या खेळण्याच्या पद्धतीवर ठरते, आणि ती पद्धत मोजता येते. मागच्या तीन सेशन्समध्ये तुमचं कॉन्संट्रेशन किती वेळा तुटलं ते आठवून कागदावर लिहा. दोनदा किंवा जास्त तुटलं असेल, तर वॉर कास्टर. एकदाही तुटलं नसेल, तर तुम्ही नीट मागे उभे राहता किंवा तुमचे फायटर त्यांचं काम चोख करतात. तुम्ही इंटेलिजन्स घ्या. तुटत असेल तर आधी एक फुकटचा उपाय करून बघा. स्पेल टाकायचा आणि उरलेल्या चालीत खांबाच्या किंवा भिंतीच्या कडेला सरकायचं. निम्मा आडोसा मिळाला तरी आर्मर क्लास (तुम्हाला वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) दोनने वाढतो.

याच चर्चेत रेझिलियंट या फीटचं नाव निघतं. ते कॉन्स्टिट्यूशन विषम असेल तेव्हाच घ्यावं. १५ असेल तर १६ होतं आणि वर त्या सेव्हला प्रोफिशियन्सी मिळते. चौथ्या लेव्हलला सेव्ह अधिक ५ म्हणजे ८० टक्के. वॉर कास्टरपेक्षा कमीच. पण ते लेव्हलबरोबर वाढत जातं. नवव्या लेव्हलला ९० टक्के होतात आणि सतराव्याला डीसी १० चा सेव्ह चुकूच शकत नाही. कॅम्पेन (अनेक सेशन्स चालणारी गोष्ट) लांबपर्यंत जाणार असेल तर हा हिशेब लक्षात ठेवा. तुमचं कॉन्स्टिट्यूशन १४ आहे, त्यामुळे आज तुमच्यासाठी ते नाही.

तुमचा ग्रुप पुढे २०२४ च्या नियमांवर गेला, तर हा वाद बराच निवळेल. तिथे वॉर कास्टरबरोबर इंटेलिजन्सचा एक गुणही मिळतो. सुरुवातीलाच इंटेलिजन्स १७ ठेवलं की चौथ्या लेव्हलला १८ आणि वॉर कास्टर दोन्ही हाती येतं.

प्रश्न (डोंबिवली) : सातव्या लेव्हलला चौथ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची दिवसातली एक संधी) मिळाला. मी त्यात फायरबॉल टाकतो, कारण नुकसान वाढतं. पण ग्रुपमधले म्हणतात की स्लॉट वाया घालवतोस. खरं काय?

ग्रुपचं बरोबर आहे. नेमका किती वाया जातो तेही सांगता येतं.

तिसऱ्या स्लॉटचा फायरबॉल ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. चौथ्या स्लॉटचा ९डी६, सरासरी साडेएकतीस. फरक साडेतीनचा, म्हणजे मूळच्या बरोबर एक अष्टमांश. याचा अर्थ असा की स्फोटाच्या वर्तुळात आठ शत्रू असतील, तेव्हा कुठे वरचा स्लॉट वापरल्याचा फायदा वर्तुळात आणखी एक शत्रू घेतल्याइतका होतो. आठ शत्रू एका जागी गोळा झालेली लढाई महिन्यातून किती वेळा होते? एक शत्रू जास्त सापडेल अशी जागा निवडणं मात्र जवळजवळ दर वेळी जमतं.

ही जागा निवडण्यासाठी स्वयंपाकघरातली एक वस्तू उपयोगी पडते. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे व्यास ४० फूट. एक चौकोन ५ फुटांचा आणि कागदावर एक इंचाचा, तर व्यास आठ इंच. साधारण २० सेंटिमीटरची स्टीलची ताटली घ्या. ती नकाशावर धरून इकडेतिकडे सरकवली की कोण आत येतं, कोण वाचतं ते सगळ्यांना दिसतं, वाद होत नाहीत. केंद्र चौकोनाच्या मध्यावर धरू नका, चार चौकोन मिळतात त्या कोपऱ्यावर धरा. सोंगट्या म्हणून कॅरमच्या वापरत असाल तर त्या सव्वा इंचाच्या आसपास असतात आणि शेजारच्या चौकोनात घुसतात. बटणं बरी पडतात.

आपलीच माणसं आत येतात ही अडचण असेल तर इव्होकेशन या शाखेच्या विझार्डला स्कल्प्ट स्पेल्स मिळतं. स्पेलची लेव्हल अधिक एक इतकी माणसं निवडायची, त्यांना काहीच लागत नाही. फायरबॉलला चार माणसं. २०१४ मध्ये हे दुसऱ्या लेव्हलला मिळतं, २०२४ मध्ये सहाव्या. फायरबॉल सुधारायचाच असेल तर खरी सुधारणा ही आहे, कारण फायटरला शत्रूंनी घेरलं असतानाही तुम्ही नेमका तिथेच तो टाकू शकता.

मग चौथ्या स्लॉटचं काय करायचं? चौथ्या लेव्हलचाच स्पेल. २०१४ च्या नियमांत पॉलिमॉर्फने सातव्या लेव्हलच्या फायटरला जायंट एप केलं की त्याच्याकडे १५७ हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) येतात. एका बाजूला साडेतीन नुकसान, दुसऱ्या बाजूला हे. बॅनिशमेंटने एक मोठा शत्रू एक मिनिट खेळाबाहेर जातो. दोन्हींना कॉन्संट्रेशन लागतं, त्यामुळे दादरच्या पत्राचं उत्तरही वाचा.

वरच्या स्लॉटमध्ये जुना स्पेल कधीच टाकू नये असं मात्र नाही. जिथे फासे वाढतात तिथे फायदा थोडा असतो. जिथे माणसं वाढतात तिथे भरपूर. होल्ड पर्सन दुसऱ्या स्लॉटने एका माणसाला जखडतो, तिसऱ्याने दोघांना. एकाचे दोन म्हणजे दुप्पट. इन्व्हिजिबिलिटी, फ्लाय, बॅनिशमेंट यांचंही तसंच. २०१४ चा काउंटरस्पेल हा आणखी एक अपवाद. समोरच्याने पाचव्या लेव्हलचा स्पेल टाकला आणि तुम्ही तिसऱ्या स्लॉटने अडवलात तर डीसी १५ चा इंटेलिजन्स चेक लागतो. इंटेलिजन्स १८ असेल तर निम्म्या वेळा जमतो. पाचवा स्लॉट खर्च केलात तर फासा टाकायचीच गरज नाही. २०२४ मध्ये हे बदललं : समोरचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकतो आणि वरच्या स्लॉटचा काही उपयोग होत नाही.

प्रश्न (गिरगाव) : मी नववीत आहे. माझा मावसभाऊ डीएम (खेळ चालवणारा) आहे आणि मी पहिल्यांदाच विझार्ड घेतोय, इंटेलिजन्स १६. पोथीत सहा स्पेल निवडायचे आहेत. जास्तीत जास्त नुकसान करणारे घेऊ का? (२०१४ चे नियम)

नको घेऊ. तुझ्याकडे पहिल्या लेव्हलला दिवसाला दोन स्लॉट आहेत. थोडी विश्रांती घेतल्यावर आर्केन रिकव्हरीने एक परत येतो, म्हणजे तीन. तीनदाच टाकता येणाऱ्या स्पेल्ससाठी सहा जागा नुकसानावर खर्च केल्यास तर तीन नुसत्या पोथीतच पडून राहतील.

असं कर. मेज आर्मर, शील्ड, स्लीप, मॅजिक मिसाइल, फाइंड फॅमिलियर आणि डिटेक्ट मॅजिक हे सहा लिही. तुला रोज तयार ठेवता येतात चार स्पेल : लेव्हलचा एक अधिक इंटेलिजन्सचे तीन. पहिले चार तयार ठेव. शेवटचे दोन रिच्युअल आहेत. विझार्डला रिच्युअल तयार ठेवावे लागत नाहीत, पोथीत असले की पुरतं. नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात आणि स्लॉट खर्च होत नाही. म्हणजे सहाच्या सहा स्पेल तुझ्या रोजच्या कामाचे झाले.

फाइंड फॅमिलियरसाठी (हा मदतनीस प्राणी बोलावतो) दर वेळी १० सोन्याच्या नाण्यांचं सामान जळतं, तेवढे सुरुवातीच्या पैशांतून बाजूला ठेव. घुबड घे. ते शत्रूजवळ जाऊन तुझ्या फायटरला मदत करतं आणि शत्रूला वार करायची संधी न देता उडून परत येतं. फायटर मग दोन फासे टाकून वरचा धरतो.

स्लीप आत्ता तुझा सगळ्यात जबरदस्त स्पेल आहे. ५डी८ टाकायचे, सरासरी साडेबावीस येतात. तेवढ्या हिट पॉइंटांचे शत्रू झोपतात, सगळ्यात कमी असलेल्यापासून सुरुवात होते. गॉब्लिनचे ७ असतात, म्हणजे साधारण तीन गॉब्लिन एका झटक्यात आडवे, सेव्ह नाही. एल्फ आणि भुताखेतांवर मात्र चालत नाही. तिसऱ्या लेव्हलनंतर शत्रूंचे हिट पॉइंट वाढतात आणि स्लीप कमी पडायला लागतो, तेव्हा तो तयार करणं सोडून दे. पोथीतून खोडायची गरज नाही.

नवे खेळाडू हमखास करतात ती चूक सांगतो : एकटा गॉब्लिन दिसला की मॅजिक मिसाइल. तीन बाणांचे सरासरी साडेदहा होतात आणि गॉब्लिनचे सातच. तिथे फायर बोल्ट टाक, तो कॅन्ट्रिप आहे, कितीही वेळा चालतो. मॅजिक मिसाइल राखून ठेव पळून जाणाऱ्या जखमी शत्रूसाठी, कारण तो चुकत नाही.

प्रश्न (विलेपार्ले) : पाचव्या लेव्हलचा विझार्ड, ५०० सोन्याची नाणी हाती आलीत. शहरात एक म्हातारी विझार्ड तिच्या पोथीतून उतरवून घेऊ देतेय. काय उतरवावं?

अशी संधी मिळाली की आधी रिच्युअल. लढाईचे स्पेल लेव्हल चढताना दोन-दोन मिळतच राहतात. त्या फुकट जागा डिटेक्ट मॅजिकवर घालवायच्या नाहीत. विकत घेता येतं ते विकत घ्या.

दर असा आहे : स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे ५० नाणी आणि दोन तास. टायनी हट तिसऱ्या लेव्हलचा, १५० नाणी. फँटम स्टीडही तिसऱ्याचा, १५०. फाइंड फॅमिलियर, डिटेक्ट मॅजिक आणि कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस पहिल्या लेव्हलचे, प्रत्येकी ५०. एकूण ४५० आणि १८ तास. उरलेल्या पन्नासात फॅमिलियर पाच वेळा बोलावता येतो. यातले काही पोथीत आधीच असतील तर त्या जागी अलार्म किंवा अनसीन सर्व्हंट घ्या. म्हातारी स्वतः काही मागत असेल तर ते वेगळं. ५० नाण्यांचा दर हा शाई आणि सामानाचा आहे.

टायनी हट का, ते नव्या खेळाडूंना लवकर पटत नाही. आठ तास आत झोपता येतं, तुमच्याशिवाय आणखी नऊ माणसं मावतात आणि बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. रात्रीचा हल्ला टळला की सकाळी सगळे स्लॉट पूर्ण भरलेले असतात. म्हणजे हा एक स्पेल बाकीचे सगळे स्पेल टिकवतो. टाकणारा स्वतः बाहेर पडला की तो मोडतो, हे तेवढं पहाऱ्याची वाटणी करताना विसरू नका.

तुम्ही २०१४ च्या नियमांनी इव्होकेशनचे विझार्ड असाल तर टायनी हट निम्म्यात पडेल, ७५ नाणी आणि तीन तास, कारण तो इव्होकेशनचा आहे. आपल्या शाखेचा स्पेल निम्म्या दरात उतरवता येतो. २०२४ मध्ये ही सवलत नाही, तिच्याऐवजी शाखेचे स्पेल फुकट मिळतात.

स्क्रोलवरून, म्हणजे एकदाच वाचता येणाऱ्या मंत्राच्या गुंडाळीवरून, उतरवायचं असेल तर धोका आहे. डीसी १० अधिक स्पेलची लेव्हल, असा आर्काना (जादूचं ज्ञान) चेक लागतो. जमो न जमो, स्क्रोल नष्ट होतो. पाचव्या लेव्हलला, इंटेलिजन्स १८ आणि आर्कानात प्रोफिशियन्सी असेल तर अधिक ७. तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला चारपैकी तीन वेळा जमतं. एकच स्क्रोल असेल आणि त्यावरचा स्पेल पुढच्या लढाईत हवाच असेल, तर उतरवू नका, वाचून टाका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो : पोथीची दुसरी प्रत. स्वतःच्या पोथीतून नव्या पोथीत उतरवायला लेव्हलमागे १० नाणी आणि एक तास लागतो. पाचव्या लेव्हलला फुकटचे १४ स्पेल समजा आठ पहिल्याचे, चार दुसऱ्याचे, दोन तिसऱ्याचे असतील, तर बेरीज २२ लेव्हल. वरचे पाच धरून ३१. म्हणजे ३१० नाणी आणि ३१ तास. आज परवडणार नाही, पण पुढची लूट आली की पहिला खर्च हा करा. पोथी चोरीला गेली किंवा नदीत पडली, तर तुमच्याकडे फक्त आज तयार असलेले स्पेल उरतात. दुसरी प्रत स्वतःच्या पिशवीत ठेवू नका, क्लेरिककडे द्या.

प्रश्न (मुलुंड) : आम्ही रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये खेळतो, आठ वाजता वॉचमन कुलूप लावतो. आमच्या विझार्डची पाळी आली की तो दहा मिनिटं पुस्तक चाळतो. त्याला स्पेल सुचवावेत का?

स्पेल सुचवू नका, पत्ते करून द्या. ए-फोर आकाराचं कार्डशीट तीन बाय तीनमध्ये कापलं की साधारण ७ बाय १० सेंटिमीटरचे नऊ पत्ते होतात. पाचव्या लेव्हलला, इंटेलिजन्स १८ असताना, तयार स्पेल नऊच असतात. २०२४ च्या तक्त्यातही नऊच आहेत. दुसऱ्या शीटमधून चार कॅन्ट्रिप आणि रिच्युअल निघतात. कार्डशीट आणि रंगीत पेनं कुठल्याही स्टेशनरीत मिळतात. सगळ्या ग्रुपसाठी एकदम घ्यायची असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्वस्त पडतं.

प्रत्येक पत्त्यावर वर्णन उतरवायचं नाही. वर कोपऱ्यात लेव्हल, आणि तो अ‍ॅक्शन आहे, बोनस आहे की रिअ‍ॅक्शन ते. मग अंतर, पण चौकोनांत : १२० फूट म्हणजे २४, ६० फूट म्हणजे १२. मग फासा कोण टाकणार ते : मी टाकतो, की समोरचा सेव्ह टाकतो आणि कोणता. शेवटी नुकसान आणि वरच्या स्लॉटला काय वाढतं. कॉन्संट्रेशनच्या पत्त्याला कडेने लाल रेघ. टेबलावर एका वेळी लाल रेघेचा एकच पत्ता उलगडलेला असू शकतो. दुसरा ठेवला की पहिला उचलायचा. एकदम दोन कॉन्संट्रेशन चालू ठेवायची चूक एवढ्याने थांबते.

पहिल्या लेव्हलच्या स्लॉटसाठी चार चिंचोके, दुसऱ्याच्या तीन कवड्या आणि तिसऱ्याच्या दोन मोठी बटणं. स्पेल टाकला की एक वाटीत. आर्केन रिकव्हरीला तीन लेव्हल्सचे स्लॉट परत येतात : एक बटण, किंवा एक कवडी आणि एक चिंचोका, किंवा तीन चिंचोके. हाताने उचलून घेतले की कोणाला हिशेब विचारावा लागत नाही.

आणि दुसऱ्याची पाळी चालू असतानाच त्याने दोन पत्ते बाजूला काढून ठेवायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

प्रश्न (ठाणे) : मी डीएम आहे. विझार्ड खेळणाऱ्या मैत्रिणीला वाटतं की तिने संशोधन करून एखादा स्पेल कायमचा सुधारावा. मलाही कल्पना आवडली. पण खेळ बिघडू नये म्हणून मर्यादा कशी घालू?

कल्पना छान आहे, जरूर करा. मर्यादा कुठे घालायची त्याचा अंदाज नियमांतच सापडतो. सॉर्सरर या दुसऱ्या जादूगार पात्राच्या मेटामॅजिकचे (पॉइंट खर्चून स्पेल वाकवण्याचे) २०१४ चे दर बघा. अंतर दुप्पट करायला एक पॉइंट. मुदत दुप्पट करायला एक. आवाज आणि हातवारे न करता टाकायला एक. बोनस अ‍ॅक्शनमध्ये टाकायला दोन. समोरच्याचा सेव्ह बिघडवायला तीन. याचा अर्थ अंतर आणि मुदत स्वस्त, वेळ आणि सेव्ह महाग. तुम्ही जे देणार ते स्वस्त बाजूचं द्या.

एका स्पेलला एकच बदल. तिने तीन प्रस्ताव लिहून आणावेत, तुम्ही एक मान्य करावा. अंतर दीडपट, किंवा नुकसानाचा प्रकार बदलणं, किंवा मुदत दुप्पट, यांतलं काहीही चालेल. प्रकार बदलताना जरा थांबा. आगीचं थंडीत करायला हरकत नाही, पण आगीचं फोर्समध्ये करू नका, कारण फोर्सला विरोध करणारे राक्षस फारच थोडे आहेत. विषाकडे तिने स्वतःच जाऊ नये. त्यापासून मुक्त असलेले फार.

वर्तुळाचा आकार वाढवू देऊ नका, तो दिसतो त्यापेक्षा भयंकर असतो. फायरबॉलची त्रिज्या २० ची ३० केली तर ती दीडपटच वाटते, पण क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं. कॉन्संट्रेशन काढून टाकायला तर कधीच हो म्हणू नका, कितीही लहान स्पेल असला तरी. कॉन्संट्रेशन हीच विझार्डला बांधून ठेवणारी दोरी आहे. हेस्ट आणि वेब एकाच वेळी चालू राहिले की बाकीच्या खेळाडूंना करायला काही उरत नाही.

खर्चाचं आमचं सुचवणं असं : पोथीत उतरवण्याच्या दराच्या दुप्पट, म्हणजे स्पेलच्या लेव्हलमागे १०० नाणी, आणि एक आठवड्याची फुरसत. शेवटी आर्काना चेक, डीसी १० अधिक लेव्हल. चुकला तर निम्मी नाणी गेली, आठवडा गेला, पण पुन्हा करता येईल. दर तीन-चार लेव्हलला एक यापेक्षा जास्त संशोधनं नकोत.

त्याआधी एक बघून घ्या. ग्रुपमध्ये कोणी सॉर्सरर खेळतंय का? असेल तर त्या खेळाडूशी आधी बोला. स्पेल वाकवणं हे तिच्या पात्राचं वैशिष्ट्य आहे, ते विझार्डला कायमचं आणि पॉइंट न खर्चता मिळालं तर तिला लागेल. मैत्रिणीला फक्त नुकसानाचा प्रकार बदलायचा असेल, तर नवा नियम बनवायचीही गरज नाही. ऑर्डर ऑफ स्क्राइब्स ही विझार्डची शाखा पोथीतल्या दुसऱ्या स्पेलचा प्रकार उसना घेते. अट एवढीच, की तो दुसरा स्पेल खर्च केलेल्या स्लॉटच्याच लेव्हलचा हवा.

प्रश्न (वाशी) : आम्ही पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीकडे वळलो. तिथेही वरच्या स्लॉटमध्ये जुना स्पेल टाकणं तोट्याचं असतं का?

नाही, तिथे उलट आहे. फायरबॉल तिसऱ्या रँकला (तिथे स्पेलच्या लेव्हलला रँक म्हणतात) ६डी६ आणि पुढच्या प्रत्येक रँकला २डी६ वाढतो. २१ चे २८ होतात, एक तृतीयांश वाढ. डोंबिवलीच्या पत्रातल्या एक अष्टमांशाशी ताडून बघा. तेव्हा नुकसानाचे स्पेल वरच्या दोन रँकमध्येच ठेवा आणि खालच्या रँकमध्ये उपयोगाचे : चालणं, लपणं, ओळखणं, वाचवणं. डीसी सगळ्या रँकना सारखाच असतो, त्यामुळे ज्यात रँकवर काही अवलंबून नाही असे खालचे स्पेल शेवटपर्यंत चालतात.

दोन ठिकाणी डी अँड डीची सवय नडते. विझार्डने प्रत्येक स्लॉटमध्ये कोणता स्पेल ते सकाळीच ठरवायचं असतं. वरच्या रँकला टाकायचा असेल तर त्याच रँकच्या स्लॉटमध्ये तयार करावा लागतो, ऐन वेळी ठरवता येत नाही. दुसरं म्हणजे इनकपॅसिटेशन हा शब्द लिहिलेले स्पेल. शत्रूची लेव्हल स्पेलच्या रँकच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर त्याचा निकाल एक पायरी चांगला धरला जातो. मोठ्या शत्रूवर असा स्पेल खालच्या रँकला टाकणं म्हणजे दोन अ‍ॅक्शन पाण्यात.

प्रश्न (कल्याण) : लुटीत दोनपैकी एक घ्यायचं आहे : वाँड ऑफ द वॉर मेज अधिक १, की आर्केन ग्रिमॉयर अधिक १?

ग्रिमॉयर. वाँड फक्त स्पेलच्या अटॅक रोलला एक देतो आणि निम्म्या आडोशाकडे दुर्लक्ष करू देतो. ग्रिमॉयर अटॅकलाही देतो आणि सेव्ह डीसीलाही. वेब, फायरबॉल, होल्ड पर्सन यांत तुम्ही फासा टाकतच नाही, समोरचा सेव्ह टाकतो. तिथे वाँड काहीच करत नाही. ग्रुपमध्ये वॉरलॉक असेल आणि तो दर फेरीला एल्ड्रिच ब्लास्ट टाकत असेल, तर वाँड त्याच्यासाठी मागून घ्या. तो कुठल्याही स्पेलकास्टरला चालतो, ग्रिमॉयर फक्त विझार्डला.

प्रश्न (माहीम) : सगळे स्पेल आगीचेच आहेत. एलिमेंटल अ‍ॅडेप्ट घेऊ का?

या फीटने आगीला विरोध करणाऱ्यांना पूर्ण नुकसान होतं आणि फाशावर १ आला तर तो २ धरला जातो. दुसऱ्या भागाने ८डी६ मागे सरासरी सव्वाच्या आसपास भर पडते, म्हणजे जवळजवळ काही नाही. पहिला भाग कॅम्पेनवर अवलंबून आहे. आगीपासून पूर्ण मुक्त असलेल्यांना तरीही काहीच लागत नाही. फीट खर्च करण्याआधी पुढच्या लेव्हलला जे दोन स्पेल फुकट मिळतील त्यातला एक थंडीचा किंवा विजेचा घ्या. लाइटनिंग बोल्ट तिसऱ्याच लेव्हलचा आहे आणि नुकसानही तेवढंच, ८डी६. फक्त तो १०० फुटांच्या सरळ रेषेत जातो, तेव्हा ताटली ठेवून पट्टी घ्या.